म्हाताऱ्या मुक्या जिवाचा शेवट : ‘आपोआप मरू द्या’ ही नेहमीच दया नसते

“डाक्टरसाहेब, आमच्या मोत्याचं आता काही खरं नाही. चार दिस झाले, जागचा उठत नाही, रातभर कण्हते. त्याले एखादी सुई टोचून देता का?” फुलसावंगीसारख्या गावात माणसांच्या डॉक्टरलाही हा प्रश्न विचारला जातो. माणसांचा दवाखाना जवळ असतो, ओळखीचा असतो. कुत्र्या-मांजराच्या शेवटाबद्दल मात्र कुणाला विचारावे हेच अनेकांना माहीत नसते.

या प्रश्नाचे छोटे उत्तर असे, की ती सुई मी देऊ शकत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. जनावरासाठी कोणते औषध, किती आणि कसे वापरायचे याचे शिक्षणही त्यांनाच मिळालेले असते. पण विचारणारा माणूस मनापासून विचारत असतो. त्याला ‘जमणार नाही’ एवढेच सांगून परत पाठवणे बरोबर नाही, म्हणून हा लेख.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या जनावराचा आजार बरा होणारा नाही आणि ज्याची वेदना औषधाने आवरत नाही, त्याचा शेवट पशुवैद्यकाच्या हातून, भूल देऊन, वेळेवर करणे हा त्याला सांभाळण्याचाच शेवटचा भाग आहे. ‘देवाच्या मनात असेल तेव्हा जाईल’ असे म्हणून त्याला कोपऱ्यात पडू देणे आपल्याला सोपे जाते. त्या जिवाला ते सोपे जात नाही.

दयामरण म्हणजे काय?

आपल्याकडे ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत फरक आहे. इच्छामरणात मरणाऱ्याची स्वतःची इच्छा असते. जनावर आपली इच्छा सांगू शकत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी, केवळ त्याची वेदना थांबावी म्हणून घेतलेला निर्णय म्हणजे दयामरण.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण वाचक नंतर हमखास विचारतात. माणसाला सुई देऊन मृत्यू आणणे भारतात कायद्याने मान्य नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जी परवानगी दिली, ती बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार ठराविक अटींखाली थांबवण्याची आहे. माणूस आपले दुखणे बोलून सांगू शकतो, त्याच्यासाठी वेदनाशामक सेवा उभी करता येते, आणि घरच्यांच्या दबावाचा धोकाही माणसाच्या बाबतीत मोठा असतो. त्यामुळे या लेखातले काहीही माणसांना लावू नका.

‘आपोआप मरणे’ प्रत्यक्षात कसे असते?

आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र असते : म्हातारा कुत्रा रात्री ओसरीत झोपला आणि सकाळी उठलाच नाही. असे कधी कधी होते. पण बऱ्याचदा होत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात विषारी द्रव्ये साठतात. मळमळ होते, तोंडात फोड येतात, जनावर पाण्याच्या भांड्यापाशी जाते पण पिऊ शकत नाही. मागचे पाय गेलेले जनावर एकाच कुशीवर पडून राहते. हाडांवरची कातडी सोलते आणि जखमा होतात. लघवी-शेणाने अंग ओले राहते, माश्या बसतात आणि पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडतात. यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याखाली पडलेल्या जनावराला तहान काय असते याची कल्पना तुम्ही करू शकता. हे सगळे एका रात्रीत संपत नाही. आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त.

शिवाय जनावर दुखणे लपवते. कुत्रा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असे नव्हे. धापा टाकणे, एकाच जागी न टेकता सारखी जागा बदलणे, अंधारात लपणे, हात लावताच गुरगुरणे, अंग चाटून चाटून जखम करणे ही वेदनेचीच लक्षणे आहेत.

“पण निसर्गात तर असेच मरतात ना?” निसर्गात म्हातारे, लंगडे जनावर फार दिवस टिकतच नाही. आपल्या भाकरीवर, आपल्या ओसरीत राहून कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो, म्हणूनच त्याला म्हातारपणाचे आजार होतात. त्याचे आयुष्य आपण वाढवले. मग त्या वाढलेल्या आयुष्याच्या टोकाला जे दुखणे येते, त्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

आधी खात्री करा : आजार बरा होणारा तर नाही?

इथे घाई नको. दिसायला भयंकर पण बरे होणारे अनेक आजार आहेत.

- जखमेत अळ्या पडल्या आणि वास सुटला म्हणजे शेवट आला असे नाही. जखम साफ करून अळ्या काढल्या आणि औषध सुरू केले की बहुतेक जनावरे बरी होतात.
- गावातल्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते. हा कुत्र्यांत समागमातून पसरणारा कर्करोग आहे. ऐकून भीती वाटेल, पण व्हिन्क्रिस्टीन या औषधाची इंजेक्शने दर आठवड्याला, काही आठवडे दिली की तो बहुधा पूर्ण बरा होतो.
- गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्रा अगदी मरायला टेकलेला दिसतो. वेळेवर साधे प्रतिजैविक मिळाले तर तो पुन्हा उभा राहू शकतो.
- मादीच्या गर्भाशयात पू झाला तर शस्त्रक्रिया करून तिला वाचवता येते.

म्हणून पशुवैद्यकाला पहिला प्रश्न ‘सुई देता का’ हा विचारू नका. ‘हे बरे होईल का, आणि नसेल तर दुखणे कमी करता येईल का’ हे आधी विचारा.

आणि एक कळकळीची सूचना. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी जनावराला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरासाठी जीवघेणी ठरू शकते.

वेळ झाली हे कसे ओळखायचे?

अमेरिकेतील पशुवैद्यक डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक सोपी मोजपट्टी मांडली. ती आपल्या घरीही वापरता येते. सात गोष्टींना ० ते १० गुण द्यायचे :

१. वेदना आवरलेली आहे का, श्वास नीट चालतो का?
२. खाते का?
३. पाणी पुरेसे पोटात जाते का?
४. अंग स्वच्छ, कोरडे राहते का? जखमा आहेत का?
५. तुम्हाला ओळखते का, शेपूट हलवते का, कशात तरी मन आहे का?
६. स्वतः उठते-चालते का, की प्रत्येक वेळी उचलावे लागते?
७. वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का?

एकूण ३५ च्या वर गुण असतील तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे, असे त्या मोजपट्टीत धरले जाते. हे गणित काटेकोर नाही, पण ‘आज जरा बरं दिसते’ या आशेवर महिना काढण्यापेक्षा बरे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री चांगल्या दिवसाला टिकली आणि वाईट दिवसाला फुली करा. सलग फुल्या पडू लागल्या की पशुवैद्यकाशी बोलायची वेळ झाली.

सुई दिल्यावर नेमके काय होते?

लोकांना सर्वात जास्त भीती याची असते, म्हणून नीट सांगतो. आधी शांत करणारे औषध दिले जाते. जनावर पेंगते. मग शिरेतून बार्बिच्युरेट गटातले भुलीचे औषध मोठ्या मात्रेत देतात. काही सेकंदांत शुद्ध जाते, त्यानंतर श्वास थांबतो आणि काही मिनिटांत हृदय थांबते. शुद्ध गेल्यावर काहीही जाणवत नाही.

डोळे उघडेच राहू शकतात. लघवी होऊ शकते. एखादा आचका किंवा खोल श्वास दिसू शकतो. ही स्नायूंची हालचाल आहे, जनावराला त्रास होत असल्याची खूण नाही. हे आधी माहीत असले की घरचे लोक घाबरत नाहीत. पशुवैद्यकाने हृदय थांबल्याची खात्री केल्याशिवाय पुढे काही करू नका.

तुम्ही एक प्रश्न अवश्य विचारा : “आधी पूर्ण बेशुद्ध करणार ना?” शुद्धीत असलेल्या जनावराला थेट श्वास किंवा हृदय थांबवणारे औषध देणे क्रूर आहे. चांगला पशुवैद्यक या प्रश्नाचा राग मानणार नाही.

विष आणि लांबचे रान

सोय नसली की लोक दोनपैकी एक मार्ग धरतात. पहिला म्हणजे भाकरीतून फवारणीचे औषध. यवतमाळ जिल्ह्याला फवारणीच्या औषधाबद्दल वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना आपले शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. अशा विषाने काय होते ते अनेक घरांनी पाहिले आहे : लाळ, घाम, उलट्या, जुलाब, अंगभर स्नायूंची थरथर, मग श्वास कोंडणे. जनावराचेही तेच होते, आणि ते शुद्धीत असताना होते. ‘खाल्लं आणि झोपलं’ असे काही नसते. शिवाय ते विष हाताळणाऱ्याच्या कातडीतून शरीरात जाते आणि मेलेल्या जनावराला तोंड लावणारी दुसरी कुत्री, कावळे, घारीही मरतात.

दुसरा मार्ग म्हणजे गाडीत घालून पैनगंगेच्या काठाला किंवा लांबच्या शिवारात सोडून येणे. यात मालकाला मरण पाहावे लागत नाही, एवढाच फायदा. जनावर भुकेने, तहानेने आणि बावचळून मरते.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावराला विनाकारण सोडून देणे गुन्हा आहे, आणि अनावश्यक क्रूर पद्धतीने मारणेही गुन्हा आहे. दुसऱ्याच्या जनावराला विष घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येते. त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

त्याच १९६० च्या कायद्याचे कलम १३ मात्र वेगळी गोष्ट सांगते. एखादे जनावर अशा अवस्थेत असू शकते, की त्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरते, हे कायदा स्वतः मान्य करतो. रस्त्यावर असे जनावर सापडले आणि मालक हजर नसेल किंवा तयार नसेल, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन पोलीस अधिकारी त्याचा शेवट करू शकतो. मोकाट कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यांतही बरे न होणाऱ्या आणि प्राणघातक जखमी कुत्र्यांना पशुवैद्यकाने भुलीच्या औषधाने दयामरण देण्याची तरतूद आहे.

घरच्या कुत्र्या-मांजराच्या बाबतीत पशुवैद्यक तपासून, मालकाची लेखी संमती घेऊन हे करतात. गाय, बैल, वासरू यांच्याबाबतीत मात्र परस्पर काही करू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बैलांनाही गोवंशरक्षणाचा कायदा लागू आहे. ज्या बैलाला पोळ्याला पुरणपोळी खाऊ घातली, तो गोठ्यात पडला तर सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा, वेदना कमी करणारे उपचार मागा आणि जो सल्ला मिळेल तो लेखी घ्या.

पाप लागते का?

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आपल्या घरांत निर्णय बहुतेक वेळा इथेच अडतो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असेच पडून होते. पशुवैद्यकाने आशा सोडली होती. त्याला कूस बदलतानाही यातना होत होत्या. आश्रमातल्या सगळ्यांना पटले नव्हते, तरीही गांधीजींनी डॉक्टर बोलावून, स्वतः समोर उभे राहून त्याला सुई द्यायला लावली. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त त्यांनी ते उघडपणे लिहिले. त्यावर संतापाची पत्रे आली, आणि त्यांनाही त्यांनी उत्तरे दिली. त्यांच्या मते मारणाऱ्याचा स्वार्थ आणि राग कृतीत आहे की नाही, यावर हिंसा ठरते. अहिंसेसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचा हा निर्णय होता. तुम्हाला तो पटलाच पाहिजे असे नाही, पण ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असे म्हणण्याआधी तो माहीत असावा.

याच कसोटीची दुसरी बाजूही आहे. कुत्रा भुंकतो, घर बदलायचे आहे, खर्च नको वाटतो, म्हातारा झाला म्हणून राखण करत नाही, या कारणांसाठी सुई मागणे म्हणजे दयामरण नव्हे. अशा वेळी पशुवैद्यकाने नकार दिला तर तो बरोबर आहे.

मुलगा लांब, कुत्रा घरी

आता आपल्या भागातल्या घरांत एक नवीन गोष्ट दिसते. मुलाने हौसेने कुत्रा आणला, मग नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला किंवा थेट परदेशी गेला. कुत्रा आई-वडिलांकडे राहिला. सोबत नेणे सोपे नसते. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि तो नमुना घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणे आवश्यक असते. म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याचा एवढा प्रवास करूही नये.

मग कुत्रा पडला की व्हिडिओ कॉलवर दोन टोके दिसतात. एकीकडे मुलगा म्हणतो, “इथे डॉक्टर घरी येऊन शांतपणे करतात, तुम्हीही करून टाका.” दुसरीकडे कुणी म्हणतो, “मी दिवाळीला येईपर्यंत त्याला काही होऊ देऊ नका.” दोन्ही सांगणाऱ्यांना रात्री तीनला उठून त्याचे अंग पुसावे लागत नाही.

माझे म्हणणे असे : निर्णयात सर्वात जास्त वजन, जो रोज सेवा करतो त्याच्या शब्दाला असावे. लांबच्या माणसाने खर्च उचलावा, पशुवैद्यकाशी स्वतः फोनवर बोलावे, गाडीची सोय करावी आणि आईला स्पष्ट सांगावे, “आई, तू जे ठरवशील ते मला मान्य आहे.” निरोप घ्यायचा असेल तर फोन कुत्र्याच्या कानाशी धरायला सांगा. पण तुमच्या सुट्टीच्या तारखेसाठी त्याला दोन महिने ताटकळत ठेवू नका.

आपल्या भागात काय करता येईल?

पहिला फोन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला करा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. महागाव, उमरखेड, पुसद किंवा नांदेडकडे कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे पशुवैद्यक कोण, याची चौकशी जनावर धडधाकट असतानाच करून ठेवा. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दयामरण नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच करून घ्या. गावात सुया मारत फिरणाऱ्या माणसाकडून नको.

एक अडचण खरी आहे. आपली सरकारी पशुवैद्यकीय सेवा दूध, शेळ्या आणि नांगर यांच्याभोवती उभी राहिली. तिचे नावच ‘पशुधन’. कुत्रा धनात मोजला जात नाही, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या शेवटाची सोय सहसा नसते. ही सोय मागायला हवी : भुलीचे औषध, संमतीचा मराठी नमुना आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची हरकत नसावी.

सावधगिरी एकच. जनावराच्या वागण्यात अचानक बदल, लाळ गळणे, आवाज बदलणे, गिळता न येणे, झोकांड्या जाणे असे असेल तर रेबीजची शंका घ्या. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. चावा किंवा लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्या.

नंतर

दयामरण दिलेल्या जनावराच्या शरीरात औषध शिल्लक राहते. ते नाल्यात किंवा गावाबाहेर टाकले तर खाणारे पक्षी आणि कुत्री मरतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे आपली गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटली, म्हणून २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तीच चूक नको. विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, किमान चार-पाच फूट खोल पुरा आणि वर दगड ठेवा.

घरातल्या लहान मुलांना ‘तो झोपला’ असे सांगू नका. मूल झोपायला आणि इंजेक्शनला घाबरू लागते. ‘तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी त्याचे दुखणे थांबवले, आता तो मेला’ असे साध्या शब्दांत सांगा. मुले खरे ऐकून घेतात.

आणि ज्या आईने किंवा आजोबांनी त्याची सेवा केली, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. “कुत्रंच तर होतं” हे वाक्य त्यांच्यासमोर नको. एकट्या माणसाच्या दिवसाचा अर्धा वेळ त्या जनावराभोवती जात असतो. काही आठवड्यांनंतरही झोप, भूक परत येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

तुमच्या घरी आज एखादे म्हातारे जनावर असेल, तर ते चालते-फिरते आहे तोवर घरच्यांशी एकदा हे बोलून ठेवा. कुठल्या अवस्थेपर्यंत उपचार करायचे आणि कुठे थांबायचे, ते शांत डोक्याने ठरते. रात्री दोन वाजता ते कण्हू लागल्यावर ठरत नाही.